गुडघेदुखीची गोळी आणि स्तनाचा कर्करोग

ऊसतोड असो, कांदाकाढणी असो, की रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीभर उभ्याने करायचे काम असो. शिरूर-दौंड भागात चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या घरी अंगदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली तर कुणाला नवल वाटत नाही. मेडिकलमध्ये चिठ्ठी कायद्याने लागते, पण मागितली क्वचितच जाते. कंबर, गुडघा, खांदा, डोके, पाळीतले पोट, दुखणे कोणतेही असले तरी गोळी तीच. या गोळीबद्दल गेली वीस-पंचवीस वर्षे दोन उलट्या बातम्या आलटूनपालटून छापून येत आहेत. एक सांगते की ही गोळी नेमाने घेणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग कमी होतो. दुसरी सांगते की वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांना तो जास्त होतो. दोन्ही बातम्या नामांकित नियतकालिकांत आलेल्या खऱ्या संशोधनावरच बेतलेल्या होत्या. मग एकच गोळी तारतेही आणि मारतेही, हे कसे?

माझ्या मते या कोड्याची उकल गोळीच्या रसायनात सापडत नाही. गोळीच्या बाजूने आणि विरोधात गेलेला बराचसा पुरावा मुळात गोळीबद्दल काही सांगतच नव्हता. तो गोळी घेणाऱ्या बायकांबद्दल सांगत होता. हे पटण्यासाठी आधी गोळी काय करते ते पाहावे लागेल. कारण तिच्यावर आशा ठेवणारे शास्त्रज्ञ काही भाबडे नव्हते.

सूज बनते कशी

दौंड तालुक्यात केडगाव-यवत पट्ट्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत, तेव्हा उदाहरण तिथलेच घेऊ. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल नावाचा एक स्निग्ध पदार्थ साठवलेला असतो. मार लागला, जंतू शिरले, सांधा झिजला की तो मोकळा होतो. हा झाला ऊस. तो गाळणारा चरक म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात ‘कॉक्स’ नावाचे विकर. शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला विकर म्हणतात. या चरकातून जो रस निघतो त्यापासून पुढे प्रोस्टाग्लँडिन नावाची अनेक रसायने तयार होतात, जसा एकाच रसाचा गूळही होतो आणि काकवीही. या रसायनांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होऊन सुजते आणि दुखऱ्या नसा अधिकच हळव्या होतात. चरक मात्र दोन प्रकारचे आहेत. कॉक्स-१ बारा महिने मंद गतीने चालू असतो आणि घरची गरज भागवतो: जठराच्या अस्तराचे रक्षण, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा, जखमेवर रक्त गोठणे. कॉक्स-२ एरवी बहुतेक ठिकाणी बंद असतो. इजा झाली की हंगाम सुरू झाल्यासारखा धडाक्याने चालू होतो. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या दोन्ही चरक थांबवतात. म्हणून गुडघा शांत होतो आणि त्याच वेळी पोटात जळजळ सुरू होते. हे गौडबंगाल जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये उलगडले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. ॲस्पिरिन त्या आधी सत्तरेक वर्षे जग खात होतेच, ते कसे चालते हे ठाऊक नसताना.

ॲस्पिरिनची तऱ्हा जरा वेगळी. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चरकात पाचर मारते. काही तासांनी पाचर निघते आणि काम पुन्हा सुरू होते. ॲस्पिरिन चरक कायमचा मोडते. बाकीच्या पेशी नवा चरक घडवतात, पण रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमध्ये पेशीकेंद्रकच नसल्याने त्यांना ते जमत नाही. त्या बिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, परिणाम टिकतो. हृदयविकाराच्या रुग्णाला ॲस्पिरिनची लहानशी मात्रा का पुरते, त्याचे कारण हे.

आता स्तनाकडे. पाळी बंद झाल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवणे थांबवतात, तरी ते शरीरातून पुरते नाहीसे होत नाही. चरबीतल्या पेशी ॲरोमॅटेज नावाच्या दुसऱ्या एका विकराच्या मदतीने ते बनवतच राहतात, आणि त्यात स्तनातली चरबीही आली. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांची वाढ याच इस्ट्रोजेनवर पोसली जाते. प्रोस्टाग्लँडिनपैकी ‘ई-२’ नावाचे रसायन ॲरोमॅटेज वाढवते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. शिवाय स्तनाच्या अनेक गाठींमध्ये कॉक्स-२ चा चरक जोरात चालू असलेला सापडतो. म्हणजे चरक थांबवा, प्रोस्टाग्लँडिन कमी, ॲरोमॅटेज कमी, इस्ट्रोजेन कमी, कर्करोग कमी. कागदावर हा हिशेब इतका चोख बसतो की तो खोटा ठरावा असे कुणालाच वाटणार नाही.

चौकट: सूज उतरवणारी गोळी कोणती?
ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड आणि एटोरिकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. पॅरासिटामॉल ताप आणि दुखणे कमी करते, सूज जवळजवळ नाहीच; ते या गटात धरत नाहीत. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्यांत दोन्ही एकत्र असतात: कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल आहे. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून एकच औषध दुप्पट पोटात जाऊ शकते. नाव मोठ्या अक्षरांत असते, घटक बारीक अक्षरांत. वाचायचे ते बारीक.

बायकांना विचारून काय कळले

२००४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग झालेल्या १,४४२ स्त्रिया आणि न झालेल्या १,४२० स्त्रियांना त्यांच्या गोळ्यांच्या सवयी विचारल्या गेल्या. ॲस्पिरिन नेमाने घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे २० टक्के कमी आढळले. आठवड्याला सात किंवा अधिक गोळ्या घेणाऱ्यांत आणखी कमी. हा फरक संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठींतच दिसला, आणि पॅरासिटामॉल घेणाऱ्यांत मुळीच दिसला नाही. वर सांगितलेल्या हिशेबाशी हे तंतोतंत जुळत होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या १ लाख १४ हजारांहून अधिक शिक्षिका व शाळा-कर्मचारी स्त्रियांच्या पाहणीने उलटे सांगितले: आयबुप्रोफेन दीर्घकाळ रोज घेणाऱ्यांत कर्करोग सुमारे दीडपट. २००८ मध्ये अशा बऱ्याच पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एकंदर पारडे गोळीच्या बाजूने झुकले. धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी. आकडा छोटा होता, पण कर्करोग ज्या प्रमाणात होतो ते पाहता छोटा फरकही मोलाचा ठरला असता. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांचा अंदाज १ लाख ९२ हजारांचा आहे.

गोळी घेणारी बाई कोण?

अशा पाहण्यांत संशोधक कुणालाही गोळी देत नाही. कोण आपणहून घेते ते फक्त टिपतो. खोट इथेच आहे. रोज आयबुप्रोफेन घेणारी बाई ते का घेते? बहुधा गुडघे दुखतात म्हणून. गुडघे कुणाचे जास्त दुखतात? वय आणि वजन जास्त असणाऱ्यांचे. आणि पाळी गेल्यानंतरचे जास्त वजन हेच स्तनाच्या कर्करोगाचे एक सिद्ध कारण आहे, त्याच ॲरोमॅटेजमुळे. म्हणजे गोळी आणि गाठ या दोघी एकाच वजनाच्या पाठोपाठ आलेल्या असू शकतात आणि दोष मात्र गोळीच्या माथी जातो. उलट, हृदय सांभाळायचे म्हणून ॲस्पिरिनची लहान मात्रा नेमाने घेणारी अमेरिकन स्त्री बहुधा शिकलेली, विमा असलेली, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणारी असते. तिचे बाकीचे आरोग्यही बरे असते, आणि श्रेय ॲस्पिरिनला मिळते. संशोधक वय, वजन, शिक्षण यांची वजावट करतात हे खरे. पण जे नोंदलेच नाही ते वजा करणार कसे?

याहून फसवा प्रकार कर्करोग झालेल्या रुग्णांत घडतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका प्रसिद्ध पाहणीत, स्तनाचा कर्करोग झालेल्या ४,१६४ जणींपैकी ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये त्या आजाराने होणारे मृत्यू बरेच कमी आढळले. पण ज्या बाईचा आजार बळावतो, केमोथेरपीने बिंबिका घटतात, रक्तस्रावाची भीती निर्माण होते, तिचे ॲस्पिरिन डॉक्टरच बंद करतात. उरतात त्या मुळातच बऱ्या असलेल्या. गोळीमुळे त्या जगल्या, की जगणार होत्या म्हणून गोळी चालू राहिली, हे नुसत्या नोंदींवरून सांगणे फार कठीण.

वढूची सोडत

यातून सुटण्याची एक वाट आहे आणि ती शिरूर तालुक्याला अनोळखी नाही. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम डॉ. बानू कोयाजी यांच्यापासून चालत आलेले आहे, आणि शिरूर व हवेली तालुक्यांतल्या २२ गावांमधले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर २००२ पासून तिथे घरोघर जाऊन नोंदले जातात. अतिसाराच्या रोटाव्हायरसवरील भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याच्या या ग्रामीण भागात झाली. सुमारे ६,८०० बाळे तीत होती. कुणाला लशीचे थेंब आणि कुणाला तसाच दिसणारा नुसता द्रव द्यायचा, हे आईने ठरवले नाही, डॉक्टरनेही नाही. ते सोडतीने ठरले, आणि कोणत्या बाळाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. २०१४ मध्ये निकाल आला तेव्हा लस मिळालेल्या बाळांत गंभीर रोटाव्हायरस अतिसार निम्म्याहून कमी झालेला होता. सोडतीमुळे दोन्ही गटांत गरीब-श्रीमंत, अशक्त-सशक्त, विहिरीचे पाणी पिणारे आणि नळाचे पाणी पिणारे सारख्याच प्रमाणात येतात. संशोधकाला जे सुचलेच नाही तेही आपोआप दोन्हीकडे वाटले जाते. मग शेवटी दिसणारा फरक लशीचाच.

गोळीची सोडत झाली तेव्हा

ॲस्पिरिनची अशीच सोडत अमेरिकेत ४५ वर्षांवरील ३९,८७६ स्त्रियांवर झाली. निम्म्यांना दिवसाआड १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या, सरासरी दहा वर्षे. २००५ मध्ये मोजदाद झाली. दोन्ही गटांतला स्तनाचा कर्करोग जवळजवळ सारखाच निघाला. तो वाढलाही नाही आणि घटलाही नाही.

कर्करोग झालेल्या रुग्णांबाबतची आशाही अशीच विरली. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०२० रुग्णांना सोडतीने रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा निरुपयोगी गोळी देण्यात आली. ही चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण आजार परतणे किंवा मृत्यू अशा घटना ॲस्पिरिन गटात १४१ आणि दुसऱ्या गटात ११२ झाल्या होत्या. या फरकामागे निव्वळ योगायोगही असू शकतो. पण फायदा होईल ही आशा उरली नाही. सेलेकॉक्सिब हे औषध तर खास कॉक्स-२ रोखण्यासाठीच बनलेले. ब्रिटन आणि जर्मनीतल्या २,६३९ रुग्णांच्या सोडतीत दोन वर्षे ते देऊनही फरक पडला नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या केटोरोलॅक या सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनचीही हीच गत: बेल्जियममधल्या जुन्या नोंदींत ते गुणकारी दिसले, सोडतीत नाही.

सोडत नेहमी नाहीच म्हणते असे मात्र समजू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तेच बधिर करणारे औषध, टोचायचे, एवढाच फरक. पाच वर्षांनी ते टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के आणि न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल वेदनेच्याच औषधाचा आहे, पण सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा नाही. दुखणे थांबवणारी सगळी औषधे एका माळेत ओवण्यात अर्थ नाही तो यासाठी.

‘पण आतड्याच्या कर्करोगात तर चालते!’

पहिला आक्षेप हाच घेतला जातो आणि तो रास्त आहे. आतड्याच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर पुढच्या काळात तो कर्करोग बराच कमी झाला, हे सोडतीनेच सिद्ध झाले आहे. २०२५ मध्ये उत्तर युरोपातल्या एका चाचणीने, ठरावीक जनुकीय बदल असलेल्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिन दिल्यास तो परतण्याचे प्रमाण निम्म्यावर येते असे दाखवले. पण हाच मुद्दा स्तनाच्या बाबतीत माझ्या बाजूने बोलतो. त्या ३९,८७६ स्त्रियांचा मागोवा पुढे एकूण १८ वर्षांपर्यंत घेतला गेला, तेव्हा ॲस्पिरिन घेतलेल्यांत आतड्याचा कर्करोग सुमारे २० टक्के कमी झालेला आढळला. त्याच स्त्रिया, तीच गोळी, तीच सोडत. आतड्यात परिणाम दिसतो आणि स्तनात दिसत नाही. ‘मात्रा फार लहान होती’, ‘काळ फार थोडा होता’ हे दोन आक्षेप त्यामुळे बरेच लंगडे पडतात. एवढ्याच मात्रेत आणि एवढ्याच काळात ती चाचणी परिणाम टिपू शकत होती.

तरी एक फट राहते. निरोगी स्त्रियांना रोज मोठी मात्रा दशकभर दिली तर काय होईल, याची सोडत कुणी केलेली नाही, आणि करू नये असेच मला वाटते. रोफेकॉक्सिबचा इतिहास समोर आहे. पोटाला न दुखवणारी गोळी म्हणून ते खपले. आतड्यातल्या कर्करोगपूर्व गाठी ते रोखते का, हे पाहायला सोडत काढली आणि हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. त्याच वर्षअखेर भारतानेही बंदी घातली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांवरच्या १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनच्या चाचणीत तर एकूण मृत्यू किंचित वाढले, आणि त्यांत कर्करोगाचेच जास्त होते. आधीच कर्करोग झालेल्यांसाठी ब्रिटन आणि भारत मिळून ॲस्पिरिनची आणखी एक मोठी चाचणी आखली गेली. भारतातली तिची धुरा टाटा मेमोरियलकडे आहे आणि तिच्यात स्तनाचा कर्करोगही आहे. प्रश्न सोडवायचा तर असा, जिथे रुग्णावर नजर आहे तिथे.

जो धोका वादातीत आहे

कर्करोगाच्या या चर्चेत एक गोष्ट झाकली जाते. या गोळ्यांचे खरे नुकसान शोधायला सूक्ष्म आकडेमोड लागत नाही. मोठ्या मात्रेत वर्षभर डायक्लोफेनॅक घेणाऱ्या दर हजार माणसांमागे हृदयविकार किंवा पक्षाघातासारख्या तीन गंभीर घटना जास्त घडतात, असे २०१३ च्या एका विस्तृत विश्लेषणात निघाले. या विश्लेषणातले आकडे सोडतीच्या चाचण्यांतून आलेले आहेत. जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढतो. आपल्या भागासाठी मला मूत्रपिंड अधिक महत्त्वाचे वाटते. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तगवून धरण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनकडे येते. चैत्र-वैशाखात दिवसभर रानात राबून, पुरेसे पाणी न पिता, वर रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना डायक्लोफेनॅक घेणे म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो आधार काढून घेणे. हेच औषध दिलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाड काही माणूस नव्हे, पण घाव कुठे बसतो हे कळायला पुरेसे आहे.

म्हणजे कर्करोग टाळण्यासाठी ही गोळी घेण्याला आधार नाही, आणि कर्करोग होईल या भीतीने, हृदयविकारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲस्पिरिन परस्पर बंद करण्यालाही आधार नाही. चार दिवसांच्या मुरगळण्याला ती जरूर घ्यावी, जेवण करून, भरपूर पाण्यासोबत. महिनोन्महिने घ्यावी लागत असेल तर क्रिएटिनिन ही रक्ताची साधी तपासणी आणि रक्तदाब पाहिला पाहिजे.

न दुखणारी गाठ

वेदनेशी स्तनाच्या कर्करोगाचे नाते अंगदुखीच्या गोळीहून फार वेगळ्या जागी आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून दाखवली जात नाही, आणि इथेच वर्ष-सहा महिने निसटतात. मुंबईत १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक सोडत सुरू केली. वस्त्यांचे गट पाडून निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, तेही चार फेऱ्या. उरलेल्या गटांत फक्त माहिती दिली. मॅमोग्राफी नाही, कोणतीही गोळी नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशेब बाहेर आला: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. ॲस्पिरिनकडून जे अपेक्षिले होते त्याहून हे जास्त आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी अशी तरतूद आहे. आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या १ टक्काही भरल्या नाहीत.

आणि स्तन दुखतच असेल तर? पाळीआधी दोन्ही बाजूंना दुखणे, जड वाटणे हे बहुतांश वेळा संप्रेरकांच्या चढउताराचे असते, कर्करोगाचे क्वचितच. तिथे डायक्लोफेनॅकचे मलम वरून चोळल्याने आराम पडतो, आणि गोळीपेक्षा त्याचा फारच थोडा भाग रक्तात जातो. अपवाद एकाच चित्राचा. मूल अंगावर पीत नसलेल्या बाईचा एक स्तन लाल होऊन सुजला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, आणि आठ-पंधरा दिवसांच्या औषधाने उतार पडला नाही, तर तो गळू नसून दाहक प्रकारचा कर्करोग असू शकतो. सूज उतरवणारी गोळी त्यावर घेत बसू नये. त्या आठवड्यातच शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून, पुढे सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीसाठी पुण्याला जाण्याची चिठ्ठी घ्यावी.